डब्ल्यूएम८७३१ कोडेक: तबल्याचा पिझो, माइक आणि इअरफोन एकाच चिपवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डब्ल्यूएम८७३१ या कोडेकचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या चिपचा) तयार बोर्ड आणि एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर घेऊन तुम्ही तबल्याच्या रियाजासाठी एक पेटी बनवताय. तबल्याला आणि डग्ग्याला एकेक पिझो चकती (कंपनांचं व्होल्टेज करणारी) चिकटवली आहे, बोल म्हणायला इलेक्ट्रेट माइक आहे, आणि लेहरा इअरफोनवर ऐकायचा आहे. तक्रारी चार: डग्ग्याचा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही, माइक क्षीण आहे आणि मागे खरखर आहे, इअरफोन लाइन आउटला लावला तर आवाज पत्र्यासारखा येतो, आणि पेटी चालू करताना कानात 'टप्प' होतं. चिपची रजिस्टरं (आतल्या सेटिंगचे कप्पे) पुन्हापुन्हा तपासली तरी फरक पडलेला नाही.

पडणारही नाही. यातल्या पहिल्या तीन तक्रारी मुख्यतः पिनच्या बाहेर काय जोडलंय त्याच्या आहेत आणि चौथी क्रमाची आहे. शिवाय एक पाचवी अडचण तुम्हाला अजून दिसलेली नाही. या चिपमध्ये एडीसीच्या (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी एकच निवड-स्विच आहे: एकतर दोन्ही लाइन इनपुट, नाहीतर माइक. माइक निवडला की तोच मोनो सिग्नल डाव्या-उजव्या दोन्ही एडीसींना जातो आणि लाइन इनपुट बाजूला पडतात. म्हणजे पिझो आणि बोल एकाच वेळी रेकॉर्ड करायचे असतील तर चिपची माइक पिन वापरताच येणार नाही. हे आधी ठरवा, कारण पुढची जोडणी त्यावर अवलंबून आहे.

खालचे आकडे ॲनालॉग सप्लाय ३.३ व्होल्ट धरून दिले आहेत. तुमच्या बोर्डावर कोणते रेझिस्टर आणि कपॅसिटर आधीच बसवलेत ते भिंगातून पाहून घ्या. वेगवेगळ्या बनावटींत फरक असतो. काही बोर्डांवर इनपुटचा डिव्हायडर असतो, काहींवर पिन थेट कपॅसिटरमार्गे जॅकला जाते.

आता चिप आतून काय करते ते बघू. ही चिप एकाच धन सप्लायवर चालते, तिला उणे व्होल्टेज माहीत नाही. म्हणून आतला सगळा ॲनालॉग भाग सप्लायच्या निम्म्यावर, म्हणजे १.६५ व्होल्टवर टेकवलेला असतो. हा संदर्भ व्हीमिड पिनवर दिसतो. इनपुट पिना आणि आउटपुट पिना, सगळ्या याच पातळीवर बसलेल्या असतात. त्यामुळे बाहेरच्या जगाशी प्रत्येक जोड कपॅसिटरमधूनच व्हायला हवा. आणि जिथे कपॅसिटर आला तिथे त्याच्या पुढच्या-मागच्या रेझिस्टन्सबरोबर एक हाय-पास फिल्टर आपोआप तयार होतो, म्हणजे ठरावीक कटऑफ फ्रिक्वेन्सीच्या खालचे स्वर दाबले जातात. तुमचा हरवलेला घुमारा आणि पत्र्यासारखा आवाज, दोन्ही याच हिशेबात सापडतात.

लाइन इनपुटपासून सुरू करतो. शून्य डेसिबल गेनला (गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते) पूर्ण क्षमतेची पातळी १ व्होल्ट आरएमएस आहे. गेन उणे ३४.५ पासून अधिक १२ डेसिबलपर्यंत, दीड-दीडच्या पायऱ्यांनी बदलतो. पिनचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला दिसणारा रोध) शून्य डेसिबलला साधारण ३० किलोओहम असतो आणि गेन पूर्ण वाढवला की तो निम्म्यावर येतो, कारण गेन बदलताना आतल्या ऑपॅम्पचा (ॲम्प्लिफायरचा) इनपुट रेझिस्टरही बदलतो. कंपनीच्या शिफारशीच्या सर्किटमध्ये पुढे ५.६ किलोओहम सिरीजमध्ये, ५.६ किलोओहम ग्राउंडला, त्याला समांतर २२० पिकोफॅरड, आणि मग १ मायक्रोफॅरडमधून पिन अशी रचना आहे. सीडी प्लेअरचा २ व्होल्टचा सिग्नल निम्मा करण्यासाठी ती आहे. चिपचे ३० किलोओहम समांतर धरले तर प्रत्यक्षात ६ ऐवजी ६.८ डेसिबल घट होते, आणि पूर्ण गेनला आणखी थोडी. रजिस्टरमध्ये १२ डेसिबल लिहून ११ च्या आसपास मोजमाप आलं तर चिप खराब आहे असं समजू नका.

आता यात पिझो लावून बघा. पिझो म्हणजे विद्युतदृष्ट्या एक कपॅसिटर. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडची धरा. डिव्हायडरसह बोर्डाचा इनपुट तिला सुमारे १०.३ किलोओहमचा दिसतो. २० नॅनोफॅरड आणि १०.३ किलोओहम यांची कटऑफ फ्रिक्वेन्सी येते ७७० हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा त्याच्या कितीतरी खाली, शंभर हर्ट्झच्या परिसरात असतो. म्हणजे तो सतरा-अठरा डेसिबलनी दाबला जातो, आणि उरते ती थापेची टकटक. चकती बदलून, जागा बदलून किंवा गेन वाढवून हे सुटत नाही. उलट गेन वाढवला की इम्पीडन्स आणखी खाली जातो.

उपाय एकच: मध्ये बफर, म्हणजे पिझोवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा. ३.३ व्होल्टवर चालणारा, रेल-टू-रेल आणि नगण्य इनपुट करंटचा ऑपॅम्प घ्या. एमसीपी६००४ मध्ये चार ऑपॅम्प मिळतात आणि तुम्हाला तीन लागणार आहेत. प्रत्येक पिझोमागे १० किलोओहम सिरीजमध्ये, मग ऑपॅम्पचा धन इनपुट, आणि तिथून १ मेगओहम १.६५ व्होल्टच्या संदर्भाला. ऋण इनपुट थेट आउटपुटला जोडा. १ मेगओहम आणि २० नॅनोफॅरडची कटऑफ ८ हर्ट्झ येते, डग्गा सुखरूप.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, १.६५ व्होल्टचा संदर्भ चिपच्या व्हीमिड पिनवरून ओढायचा मोह होतो. ती पिन आतून मोठ्या रेझिस्टरांवर लटकलेली आहे. तिच्यावर पिझोचे धक्के गेले तर ते दोन्ही चॅनेलमध्ये आणि आउटपुटमध्ये उमटतात. स्वतःचा डिव्हायडर करा: १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि मधल्या बिंदूवर १० मायक्रोफॅरड. दुसरं, जोरदार थाप बसली की पिझो दहा-वीस व्होल्ट सहज फेकतो. म्हणून १० किलोओहमच्या पुढे सप्लाय आणि ग्राउंडकडे एकेक डायोड हवा. इथे शॉटकी डायोड वापरू नका. त्याचा गळका करंट १ मेगओहममधून गेला की संदर्भ सरकतो आणि एका बाजूने क्लिपिंग सुरू होतं. साधे १एन४१४८ किंवा बीएव्ही९९ पुरतात. तिसरं, सिग्नल फारच मोठा येत असेल तर रेझिस्टरने कमी करू नका, पिझोला समांतर ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. पातळी सुमारे १०.५ डेसिबलनी उतरते आणि खालचे स्वर आणखी सुरक्षित होतात. पिझोच्या बाबतीत कपॅसिटरच ॲटेन्युएटर म्हणून वापरणं योग्य. चकतीपासून बफरपर्यंतची वायर शिल्डेड आणि शक्य तितकी आखूड ठेवा, नाहीतर १ मेगओहमवर ५० हर्ट्झचा हम आयता येऊन बसतो.

दोन्ही बफरांचे आउटपुट १०-१० किलोओहममधून एकत्र करून डाव्या लाइन इनपुटला द्या. उजवा माइकसाठी मोकळा राहिला. बोर्डावरचा ५.६ किलोओहमचा ग्राउंडकडचा रेझिस्टर दोन्ही बाजूंना काढून टाका. ३.३ व्होल्टचा ऑपॅम्प १.१७ व्होल्ट आरएमएसच्या वर जाऊच शकत नाही, त्याला निम्मं करण्यात अर्थ नाही. १ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर मात्र तसाच ठेवा. ३० किलोओहमबरोबर त्याची कटऑफ ५ हर्ट्झ आहे, तिथे ०.१ लावला तर ती ५३ वर जाते. एक गोष्ट जाता जाता: तबल्याला टेकलेल्या पेटीत इथे सिरॅमिक एक्स७आर कपॅसिटर टाळा. तो स्वतःच थोडासा पिझो असतो आणि कंपनं सिग्नलमध्ये मिसळतो. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सहज मिळतो. इलेक्ट्रोलिटिक वापरलात तर ज्या बाजूला डीसी जास्त ती धन, आणि इथे दोन्ही बाजू १.६५ च्या आसपास असल्याने बायपोलर घेणं बरं.

माइकचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे सिग्नल इतका लहान की प्रत्येक डेसिबल मोजावा लागतो. उणे ४४ डेसिबलचा इलेक्ट्रेट कॅप्सूल ९४ डेसिबल ध्वनिपातळीला सुमारे ६.३ मिलिव्होल्ट देतो. तोंडापासून वीतभर अंतरावर बोल म्हणताना ८० डेसिबलच्या आसपास पातळी धरली तर मिळतात १.२५ मिलिव्होल्ट. चिपच्या माइक पिनमागे १४ डेसिबलचा स्थिर गेन आहे आणि वर २० डेसिबलचा बूस्ट रजिस्टर ४ मधून चालू करता येतो. दोन्ही मिळून ३४. त्याने सिग्नल पूर्ण क्षमतेच्या खाली २४ डेसिबलवर येतो, ते ठीक आहे. बूस्ट बंद असेल तर ४४ खाली. तुमचा माइक क्षीण असण्याचं हे पहिलं कारण असू शकतं.

दुसरं कारण बायस रेझिस्टर. कॅप्सूलची संवेदनशीलता साधारणपणे २.२ किलोओहमवर मोजून सांगितलेली असते. कंपनीच्या नमुना सर्किटमध्ये बायस रेझिस्टर ६८० ओहमचा आहे. कॅप्सूल करंट सोर्ससारखा वागतो, त्यामुळे रेझिस्टर लहान तेवढा सिग्नल लहान. माइक पिनचे १० किलोओहम समांतर धरून ६८० ऐवजी २.२ किलोओहम केलं तर ९ डेसिबल फुकटात मिळतात. बायस पिनवर सप्लायच्या पाऊणपट, म्हणजे २.४८ व्होल्ट असतात. कॅप्सूलने अर्धा मिलिॲम्पिअर घेतला तर २.२ किलोओहमवर १.१ व्होल्ट खर्ची पडतात, कॅप्सूलला १.४ उरतात. बहुतेकांना ते पुरतात. कॅप्सूलवर १ व्होल्टपेक्षा कमी मोजलं तर रेझिस्टर १.५ किलोओहमवर आणा.

खरखरीचं मूळ मात्र गेनमध्ये नसून बहुतेक वेळा बायसमध्ये असतं. कॅप्सूलचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असल्यामुळे बायसवरचा सगळा कचरा जवळजवळ जसाच्या तसा सिग्नलमध्ये येतो, आणि मग त्यालाही ३४ डेसिबल मिळतात. बायस रेझिस्टरचे दोन भाग करा: पुढे ४७० ओहम, मध्ये ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, मग १.८ किलोओहम आणि कॅप्सूल. फिल्टर ७ हर्ट्झला बसतो. एवढ्याने यूएसबी सप्लायची किणकिण बरीच उतरते.

हे सगळं चिपची माइक पिन वापरणाऱ्यांसाठी. तुम्हाला पिझोबरोबर एकाच वेळी माइक हवा आहे, तेव्हा बायसचा हा भाग तसाच ठेवून कॅप्सूलचा सिग्नल एमसीपी६००४ च्या तिसऱ्या ऑपॅम्पला द्या. नॉन-इन्व्हर्टिंग, गेन १० पट (९.१ आणि १ किलोओहम, आणि १ किलोओहमच्या खाली ग्राउंडकडे ४७ मायक्रोफॅरड, म्हणजे डीसीला गेन १ राहतो). वरचे १२ डेसिबल उजव्या लाइन इनपुटच्या गेनमधून घ्या. एकूण ३२ झाले, जवळपास चिपच्या माइक पिनएवढेच. एका ऑपॅम्पकडून पन्नासपट गेन मागू नका. याची बँडविड्थ १ मेगाहर्ट्झची आहे, पन्नासपटीला ती २० किलोहर्ट्झवर येऊन संपते. बायससाठी चिपचीच बायस पिन वापरत असाल तर रजिस्टर ६ मधला माइकचा पॉवर-डाउन बिट शून्य ठेवा, नाहीतर बायसच बंद होतो. उरलेला चौथा ऑपॅम्प मोकळा सोडू नका: आउटपुट ऋण इनपुटला आणि धन इनपुट संदर्भाला जोडा.

आता आउटपुट. या चिपवर दोन प्रकारचे ड्रायव्हर आहेत आणि ते अदलाबदल करण्यासारखे नाहीत. लाइन आउट १० किलोओहमच्या लोडसाठी बनवलेला आहे. त्याच्यापुढे सहसा १ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम असतात. तिथे ३२ ओहमचा इअरफोन लावला की दोन गोष्टी होतात: १ मायक्रोफॅरड आणि १३२ ओहमची कटऑफ १२०० हर्ट्झवर जाते, आणि १०० ओहमवर १२ डेसिबल पातळी खर्च होते. त्याखेरीज ड्रायव्हरकडे तेवढा करंटही नाही, म्हणून मोठ्या आवाजाला फाटतं. हाच तुमचा पत्र्यासारखा आवाज. ते १०० ओहम काढून टाकू नका. लांब केबलच्या कपॅसिटन्सपासून ड्रायव्हरला डोलू न देण्याचं काम ते करतात.

इअरफोन हेडफोन आउटपुटलाच लावा. तिथला ड्रायव्हर ३२ ओहममध्ये सुमारे ३० मिलिवॉट देतो. कपलिंग कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा: ३२ ओहमला कटऑफ २३ हर्ट्झ, १६ ओहमच्या स्वस्त इअरबडला ४५. स्वस्त बोर्डावर इथे १० मायक्रोफॅरड दिसला तर तो ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं खातो, बदला. कपॅसिटरची धन बाजू चिपकडे. कपॅसिटरच्या जॅककडच्या बाजूला ४७ किलोओहम ग्राउंडला असायलाच हवा. तो नसेल तर इअरफोन काढलेला असताना ती बाजू तरंगते आणि जॅक घालताक्षणी कपॅसिटर इअरफोनमधूनच चार्ज होतो.

व्हॉल्यूमबद्दल: हेडफोन रजिस्टरमध्ये शून्य डेसिबल म्हणजे हेक्स ७९. त्याच्या वर अधिक ६ पर्यंत जागा आहे, पण ती फक्त हळू रेकॉर्डिंगसाठी. १ व्होल्ट आरएमएस म्हणजे २.८३ व्होल्ट शिखर ते शिखर, सप्लाय ३.३ चा, म्हणजे वर-खाली पाव व्होल्टही शिल्लक नाही. पूर्ण पातळीचा लेहरा अधिक ६ ला वाजवलात तर क्लिप होणारच.

'टप्प' हा क्रमाचा प्रश्न. चालू होताना आउटपुट शून्यावरून १.६५ व्होल्टवर चढतं, आणि ते चढणं २२० मायक्रोफॅरडमधून कानात पोचतं. व्हीमिडवर १० मायक्रोफॅरड असतो आणि तो आतल्या मोठ्या रेझिस्टरांमधून भरतो, पूर्ण बसायला सेकंदभर धरा. तेवढा वेळ आउटपुट बंद ठेवायचं. आधी रीसेट करा. मग रजिस्टर ६ मध्ये हेक्स ७० लिहा: आउटपुट, ऑसिलेटर आणि क्लॉक-आउट बंद, बाकी सगळं चालू (मास्टर क्लॉक बाहेरून येतोय असं धरून). लाइन इनपुटची रजिस्टरं ० आणि १ म्यूट काढून भरा: डावीकडे हेक्स १७, म्हणजे शून्य डेसिबल, आणि उजवीकडे माइकसाठी हेक्स १एफ, म्हणजे अधिक १२. हेडफोनची २ आणि ३ हेक्स ७९. रजिस्टर ४ मध्ये हेक्स १२: डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) निवडला, बायपास बंद, माइक म्यूट. रजिस्टर ५ शून्य, म्हणजे डीएसीचं म्यूट गेलं आणि एडीसीचा डीसी काढणारा हाय-पास चालू राहिला. ७ आणि ८ तुमच्या आय-टू-एस (चिप आणि एसटीएम३२ मधली डिजिटल ऑडिओ जोडणी) फॉरमॅटप्रमाणे. मग ९ मध्ये १. सेकंदभर थांबा, आणि अगदी शेवटी ६ मध्ये हेक्स ६०. बंद करताना उलटं: डीएसी म्यूट, रजिस्टर ६ मधून आउटपुट बंद, मग सप्लाय. हेही लक्षात ठेवा की मूळ स्थितीत डीएसी आउटपुटला जोडलेला नसतो आणि म्यूटही असतो. शिवाय या चिपची रजिस्टरं परत वाचता येत नाहीत, म्हणून त्यांची प्रत एसटीएम३२ च्या मेमरीत ठेवा.

ग्राउंडबद्दल थोडं अधिक, कारण माइक आणि हेडफोन एकाच पेटीत आले की इथेच पाणी मुरतं. ३२ ओहमला पूर्ण पातळीवर एका चॅनेलचा शिखर करंट ४४ मिलिॲम्पिअर, दोन्हींचा ८८. तो परत जाताना माइकच्या ग्राउंडच्या वायरमधून गेला आणि तिथे ५० मिलिओहम असले, तर ४.४ मिलिव्होल्ट तयार होतात. तुमचा माइकचा सिग्नल सव्वा मिलिव्होल्टचा आहे. म्हणजे लेहरा माइकमध्ये बोलांपेक्षा मोठा येईल, कधी कधी शिट्टीही सुरू होईल. हेडफोन जॅकचा ग्राउंड स्वतंत्र वायरने थेट चिपच्या हेडफोन ग्राउंड पिनजवळ आणा, माइक आणि पिझोचा ॲनालॉग ग्राउंडजवळ, आणि दोन्ही एकाच बिंदूला भेटू द्या.

एवढं जोडून रजिस्टरांचा वरचा क्रम चालवल्यावर, बाकीच्या कोडला हात लावण्याआधी मल्टिमीटर फिरवा. व्हीमिड, दोन्ही लाइन पिना आणि कपॅसिटरच्या आधीच्या हेडफोन पिना, सगळीकडे १.६५ च्या आसपास. तिन्ही ऑपॅम्पच्या आउटपुटवरही तेवढेच. जॅकवर शून्य. बायस पिनवर २.४८. एखादी पिन ०.३ किंवा ३ व्होल्टवर अडकली असेल तर तिथे कपॅसिटर गळतोय किंवा उलटा बसलाय. मग रजिस्टर ४ मध्ये फक्त बायपास आणि माइक म्यूट ठेवून, म्हणजे मूळचंच हेक्स ०ए लिहून ऐका: लाइन इनपुट डिजिटल भागाला वळसा घालून थेट हेडफोनला जातो. यात डग्गा स्वच्छ ऐकू आला की ॲनालॉग बाजू पूर्ण झाली, त्यापुढे जे काही बिघडेल ते क्लॉक किंवा फॉरमॅटचं.

पुढे ही पेटी मिक्सरला जोडाल तेव्हा लाइन आउट वापरा आणि दोन गोष्टी टाळा. मोनो पिन स्टिरिओ जॅकमध्ये घातली की उजवं आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होतं. हेडफोन ड्रायव्हरला ते महागात पडू शकतं. आणि स्टिरिओ पिनेची केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर डाव्या-उजव्याची वजाबाकी करतो. दोन्हीकडे सारखाच असलेला लेहरा जवळजवळ नाहीसा होतो आणि लोक चिपमध्ये दोष शोधत बसतात. एकच चॅनेल प्लगच्या टोकाला (टिप), ग्राउंड बाहीला (स्लीव्ह), एवढीच जोडणी करा. लॅपटॉपच्या चार्जरमुळे हम आला तर मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, तोही लाइन आउटला साजेसा, १० किलोओहमचा.